89 ने सुरू होणारा नंबर : सिम कार्ड ते ट्रॅव्हल ई-सिम

आजच्या भागाला सुरुवात करण्याआधी एक छोटं काम. फोनच्या सेटिंग्जमध्ये जा, 'अबाउट फोन' किंवा 'सिम स्टेटस' उघडा आणि आयसीसीआयडी नावाचा एक लांबलचक आकडा शोधा. जिओ, एअरटेल, व्हीआय, बीएसएनएल, काहीही असू दे, आकडा 8991 ने सुरू झालेला दिसेल. 89 हा दूरसंचार उद्योगाचा कोड. पुढचे 91 म्हणजे आपण, भारत. हा तुमच्या सिमचा स्वतःचा नंबर आहे, फोन नंबरशी त्याचा काही संबंध नाही.

आता समजा तुम्ही जपानला निघालात, एखाद्या अ‍ॅपवरून ट्रॅव्हल ई-सिम घेतलं, क्यूआर कोड स्कॅन केला आणि हाच आकडा परत बघितला. जपानचा कोड 81. म्हणजे 8981 दिसायला हवं, बरोबर? पण तिथे 89 नंतर 852 दिसू शकतं. 852 म्हणजे हाँगकाँग. तुम्ही टोकियोत मॅप बघत फिरताय, पण कागदोपत्री तुम्ही हाँगकाँगच्या कुठल्यातरी कंपनीचे ग्राहक आहात, आणि जपानला फिरायला आलेले पाहुणे आहात.

हे असं का होतं, हा आजचा विषय. त्यासाठी थोडं मागे जावं लागेल, सिम नव्हतं तिथपर्यंत.

1980 च्या दशकाची सुरुवात. युरोपात मोबाइल फोन आहेत, पण ते गाडीत बसवलेले, जड आणि श्रीमंतांचे. ब्रिटनची पद्धत वेगळी, जर्मनीची वेगळी, फ्रान्सची वेगळी, इटलीची आणखी वेगळी. सीमा ओलांडली की फोन म्हणजे ठोकळा. ठळक अपवाद उत्तरेकडच्या देशांचा. स्वीडन, नॉर्वे, डेन्मार्क आणि फिनलंड यांनी मिळून 1981-82 मध्ये एनएमटी नावाचं एकच नेटवर्क उभं केलं आणि त्यात एका देशाचा फोन दुसऱ्या देशात आपोआप चालायचा. रोमिंगचा जन्म हा असा, चार शेजाऱ्यांच्या समजूतदारपणातून. बिलं वगैरे भानगडी नंतरच्या.

पण एनएमटीमध्येही नंबर त्या यंत्रातच भरलेला असायचा. फोन म्हणजेच तुम्ही. फोन बिघडला की तुमची ओळखही दुरुस्तीला गेली. जर्मनीच्या सी-नेट्झ या नेटवर्कनं हे पहिल्यांदा तोडलं. तिथे गाडीतल्या फोनमध्ये कार्ड घालायचं, आणि ज्याचं कार्ड त्याच्या नावावर कॉल. भाड्याच्या गाडीत बसा, तुमचं कार्ड घाला, तो फोन तुमचा. आज अगदी साधी वाटणारी ही कल्पना मला या सगळ्या इतिहासातली सर्वात भारी गोष्ट वाटते. माणूस आणि यंत्र वेगळं केलं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डीकपलिंग म्हणतो ना, तेच, पण प्लास्टिकच्या तुकड्यावर.

1982 मध्ये युरोपातल्या टपाल-तार खात्यांच्या परिषदेनं एक गट नेमला, सगळ्या खंडासाठी एकच डिजिटल मोबाइल पद्धत ठरवायला. ग्रुप स्पेसियाल मोबील, म्हणजे जीएसएम. 7 सप्टेंबर 1987 ला कोपनहेगनमध्ये 13 देशांच्या कंपन्यांनी करारावर सह्या केल्या. नव्या पद्धतीत एक गोष्ट पक्की होती : ग्राहकाची ओळख फोनमध्ये नसेल, वेगळ्या कार्डात असेल. सबस्क्रायबर आयडेंटिटी मॉड्यूल. सिम.

पहिली सिम कार्डं बनवली म्युनिकच्या गीझेके अँड डेव्हरियंट या कंपनीनं, 1991 मध्ये. ही कंपनी 1852 पासूनची, मुळात नोटा छापणारी. (झिम्बाब्वेच्या त्या अगणित शून्यांच्या नोटांचा कागदही 2008 पर्यंत हेच पुरवत होते.) ज्यांना खोट्या नोटा रोखायची सवय, त्यांच्याकडेच खोटे ग्राहक रोखायचं काम गेलं, यात मला एक मजेशीर सुसंगती दिसते. पहिली 300 कार्डं फिनलंडच्या राडिओलिन्या कंपनीनं घेतली. 1 जुलै 1991 ला त्याच नेटवर्कवर जगातला पहिला जीएसएम कॉल झाला. हेलसिंकीतून माजी पंतप्रधान हारी होल्केरी बोलत होते, पलीकडे तांपेरे शहराच्या उपमहापौर कारीना सुओनियो.

ते पहिलं सिम केवढं होतं माहितीये? आपल्या एटीएम कार्डाएवढं. अख्खं कार्ड फोनमध्ये सरकवायचं. पुढे प्लास्टिक कापत कापत मिनी झालं, मायक्रो झालं, नॅनो झालं : 12.3 बाय 8.8 मिलिमीटर. चिप मात्र सुरुवातीपासूनच नखाएवढी होती. बाकीचं प्लास्टिक नुसतं हातात धरायला.

आता त्या चिपमध्ये काय असतं, ते नीट समजून घेऊ, कारण पुढची सगळी भांडणं याच्यावरून आहेत. दोन मुख्य गोष्टी. एक, 15 आकड्यांपर्यंतची ओळख, आयएमएसआय. तिची सुरुवात देशाच्या कोडनं होते, भारतासाठी 404 किंवा 405. दुसरी, एक गुप्त किल्ली. ही किल्ली फक्त दोन ठिकाणी असते : तुमच्या सिममध्ये आणि तुमच्या कंपनीच्या सर्व्हरमध्ये. नेटवर्कला तुमची खात्री करायची असते तेव्हा ते किल्ली मागत नाही. ते एक यादृच्छिक आकडा पाठवतं. सिम आतल्या आत तो आकडा आणि किल्ली मिळून एक उत्तर काढतं आणि फक्त उत्तर परत देतं. कंपनीनंही तेच गणित केलेलं असतं. उत्तरं जुळली की आत या.

परदेशात गेलात की काय होतं? समजा बँकॉकला उतरलात आणि फ्लाइट मोड काढलात. थायलंडच्या टॉवरला तुमची किल्ली माहीत नाही. तो तुमच्या आयएमएसआयवरचे 404 किंवा 405 बघतो आणि थेट भारतात विचारतो, 'तुमच्या इथला एक जण आलाय माझ्या दारात, ओळखता का?' तुमच्या भारतीय कंपनीचा सर्व्हर म्हणतो, 'हो, आमचाच आहे. हा आकडा दे, हे उत्तर आलं तर घे आत.' हे सगळं काही सेकंदांत. 'वेलकम टू थायलंड'चा मेसेज येईपर्यंत तुमच्यासाठी दोन देशांत निरोपानिरोपी होऊन गेलेली असते.

हे ओळखणं फुकटात होत नाही. दोन कंपन्यांमध्ये करार लागतो. जीएसएमवरचा असा पहिला करार 1992 मध्ये फिनलंडच्या टेलिकॉम फिनलंड आणि ब्रिटनच्या व्होडाफोनमध्ये झाला. त्या करारात एक घाऊक दर ठरतो, आणि तुमची कंपनी त्यावर आपलं कमिशन लावून तुम्हाला बिल पाठवते. गंमत बघा, हा दर ठरवताना ग्राहक खोलीत नसतो. थायलंडच्या कंपनीला तुम्ही ग्राहक म्हणून नकोच आहात, आणि तुमची कंपनी तुम्ही परदेशात अडकलेले आहात हे जाणून आहे. स्पर्धा कुठेच नाही.

याचा देशी नमुना आपल्या आईबाबांनी भोगलाय. भारतातला पहिला मोबाइल कॉल 31 जुलै 1995 चा, कोलकात्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाला 16 रुपयांपर्यंत दर, आणि 2003 पर्यंत येणाऱ्या कॉललाही पैसे. शिवाय देशाचे तुकडे पाडलेले, सर्कल नावाचे. आमच्या महाराष्ट्र सर्कलमध्ये गोवा होतं, पण मुंबई नव्हती! म्हणजे पुण्याचा माणूस पणजीला गेला तर घरी, आणि घाट उतरून नवी मुंबईत पोचला की परदेशी. बाबा ऑफिसच्या कामाला मुंबईला गेले की 'रोमिंगवर आहे, ठेव, रात्री एसटीडीवरून करतो' हे वाक्य आमच्या घरात ठरलेलं होतं. मी तिसरी-चौथीत होतो. मला बरेच दिवस वाटायचं रोमिंग म्हणजे मुंबईतला एखादा भाग असेल, रोमिंग ईस्ट, रोमिंग वेस्ट. देशांतर्गत रोमिंगचे पैसे मोठ्या कंपन्यांनी पूर्ण सोडून दिले ते 2017 च्या सुमाराला.

योगायोग असा की युरोपातही तेच वर्ष. तिथली लढाई मात्र सरकारी होती. युरोपीय आयोगाच्या आयुक्त व्हिव्हियन रेडिंग यांच्या पुढाकारानं 2007 मध्ये पहिल्यांदा कायद्यानं कमाल दर ठरला : केलेल्या कॉलला मिनिटाला 49 सेंट, आलेल्याला 24. कंपन्यांनी खूप आदळआपट केली. 2010 पासून डेटाचं बिल 50 युरोला पोचलं की आपोआप बंद करायची सक्ती आली, कारण सुट्टीवरून घरी परतल्यावर हजारोंची बिलं येत होती. 2012 मध्ये डेटाची कमाल किंमत ठरली, 1 एमबीला 70 सेंट. हिशोब करा. 1 जीबीला 700 युरोच्या वर. आणि ही कमी केलेली किंमत! शेवटी 15 जून 2017 ला युरोपीय संघात रोमिंगचं वेगळं शुल्कच रद्द झालं. त्याच वेळी कंपन्यांनी एकमेकांना लावायच्या घाऊक दरालाही मर्यादा आली, 1 जीबीला 7.70 युरो. ती दरवर्षी उतरत 2025 मध्ये 1.30 युरोवर आली.

700 वरून 1.30 वर. तार तीच, टॉवर तेच. यावरून खर्च किती होता आणि नफा किती होता, तुम्हीच ठरवा.

आता ई-सिमकडे वळू. नावावरून वाटतं की यात सिम नाहीच. तसं नाही. चिप आहे, फोनच्या बोर्डावर कायमची बसवलेली. फरक एवढाच की ती रिकामी येते, आणि आयएमएसआय अन् किल्ली असलेली फाइल, जिला प्रोफाइल म्हणतात, ती नंतर इंटरनेटवरून उतरवता येते. ही गरज आधी फोनवाल्यांना पडलेली नव्हती. विजेचे मीटर, गाड्या, यंत्रं यांच्यात सिम बसवलं आणि कंपनी बदलायची वेळ आली तर हजारो यंत्रं उघडत कोण बसणार? म्हणून 2010 मध्ये जीएसएमए या संघटनेनं काम हाती घेतलं. ग्राहकांसाठीचं मानक 2016 मध्ये आलं, आधी घड्याळांसाठी. ते असलेला पहिला फोन म्हणजे 2017 चा गूगल पिक्सेल 2, आणि 2018 मध्ये आयफोन एक्सएस आला तेव्हा सगळ्यांना हा शब्द कळला.

तुम्ही जो क्यूआर कोड स्कॅन करता त्यात सिम नसतं, बरं का. त्यात फक्त एका सर्व्हरचा पत्ता आणि एक टोकन असतं. तुमची चिप त्या सर्व्हरला आपलं प्रमाणपत्र दाखवते, सर्व्हर आपलं दाखवतो, आणि मग प्रोफाइल फक्त त्या एका चिपलाच उघडता येईल अशा कुलपात येते. म्हणून तोच क्यूआर दुसऱ्या फोनवर सहसा चालत नाही.

इंजिनिअर म्हणून हे डिझाइन मला आवडतं. पण कंपन्यांना ते का आवडलं नसेल, तेही लगेच कळतं. कार्ड बदलायला पिन लागायची, दुकान लागायचं, आळस आडवा यायचा. आता दोन मिनिटांत ग्राहक पळणार. 2014 मध्ये अ‍ॅपलनं आयपॅडसोबत 'अ‍ॅपल सिम' दिलं होतं, एकाच कार्डावर कंपनी निवडा असं. अमेरिकेत एटी अँड टी निवडलं की ते कार्ड तिथेच कायमचं कुलूपबंद व्हायचं. पुढे ई-सिमच्या मानकातच कुलपाची सोय घुसवली जातेय का, यावरून अमेरिकेच्या न्याय खात्यानं एटी अँड टी, व्हेरायझन आणि जीएसएमएची चौकशी केली. 2019 च्या नोव्हेंबरमध्ये ती संपली, जीएसएमएनं नियम बदलायचं कबूल केल्यावर.

आणि इथे ट्रॅव्हल ई-सिमवाले येतात. एअरालो 2019 मध्ये सुरू झाली, स्पेनची होलाफ्लाय आहे, आणि आता अशा कंपन्या ढीगभर आहेत. यांचे स्वतःचे टॉवर नाहीत. मग डेटा कुठून आणतात? ज्या कंपनीनं जगभर चांगले घाऊक करार केलेत अशा कुठल्यातरी देशातल्या कंपनीची प्रोफाइल घेतात आणि तुम्हाला विकतात. तुम्ही जपानमध्ये वापरता ते हाँगकाँगच्या सिमचं रोमिंग. म्हणजे रोमिंग संपलेलं नाही, आपण त्याच रोमिंगमध्ये आहोत. फक्त आपल्या वतीनं घाऊक बाजारात जाऊन दर पाडणारा एक दलाल मिळालाय. पुण्याच्या मार्केटयार्डात थेट न जाता कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडून घेतो ना, तसं. फरक इतकाच की इथे कोपऱ्यावरचा स्वस्त पडतो, कारण आधी आपण विमानतळावरच्या भाजीवाल्याकडून घेत होतो.

याचे परिणाम दिसतात. रोमिंगमध्ये डेटा सहसा आधी मूळ कंपनीच्या देशात जातो आणि तिथून इंटरनेटवर बाहेर पडतो. टोकियो ते हाँगकाँग साधारण 2,900 किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाशाला जाऊन येऊन किमान 30 मिलिसेकंद लागतात, यंत्रांचा वेळ वेगळा. गेम खेळणाऱ्यांना हे जाणवेल. वेबसाइटला तुम्ही हाँगकाँगमध्ये दिसता, बँकेचं अ‍ॅप शंका घेतं. याच कारणामुळे चीनमध्ये मात्र प्रवासी खूश असतात. तिथे स्थानिक सिमवर गूगल, व्हॉट्सअ‍ॅप बंद, पण बाहेरच्या देशाच्या सिमवर रोमिंग करताना डेटा भिंतीबाहेरून फिरतो, त्यामुळे ते चालतं.

मागच्या वर्षी मावशी तिच्या मुलाकडे फ्रँकफर्टला निघाली, तेव्हा फोनची जबाबदारी माझ्यावर आली. दुकानदारानं तिला सांगितलं होतं, 'भारताचं सिम काढून पाकिटात ठेवा, नाहीतर बिल येईल.'

"अरे, मग माझा नंबर बदलणार का? आमच्या भिशीच्या ग्रुपमध्ये कळवायला हवं."

"नाही गं मावशी, व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर राहील. नवीन सिमला नंबरच नाहीये, नुसतं इंटरनेट आहे."

"नंबर नसलेलं सिम? मग बँकेचा ओटीपी कुठे येणार?"

याला म्हणतात नेमका प्रश्न. मोबाइल डेटा ई-सिमवर टाकला, भारतीय सिम चालू ठेवलं पण त्याचं डेटा रोमिंग बंद. तिच्या प्लॅनमध्ये परदेशात येणाऱ्या एसएमएसला पैसे नव्हते, ते आधी तपासलं आणि आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घेतलं, कारण ते बंद असेल तर एसएमएसही पोचत नाही. तुम्हीही तुमच्या प्लॅनचं बघून घ्या. दुकानदाराचं ऐकलं असतं तर बिल आलं नसतं हे खरं, पण तीन महिने बँकही उघडली नसती.

तिला माझ्याआधीच पोचलेलं सत्य असं की आपला नंबर आता बोलायसाठी उरलेलाच नाही. बँक, आधार, यूपीआय, सगळ्यांसाठी तोच आपली ओळख आहे. 1991 च्या त्या कार्डावर फक्त टेलिफोनचं बिल कोणाला लावायचं एवढाच प्रश्न होता.

सरकारांनाही हे कळतं. जानेवारी 2024 मध्ये भारत सरकारच्या सांगण्यावरून एअरालो आणि होलाफ्लाय ही अ‍ॅप भारतातल्या अ‍ॅपल आणि गूगलच्या स्टोअरमधून काढली गेली. आपल्याकडे परदेशी सिम विकायला दूरसंचार विभागाचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं आणि ग्राहकाची कागदपत्रं घ्यावी लागतात. ते नसताना विक्री होत होती, आणि अशी सिम सायबर फसवणुकीत वापरली जाण्याची भीती होती. तुर्कीनंही जुलै 2025 मध्ये अशा अनेक कंपन्यांच्या साइट बंद केल्या. माझं मत विचाराल तर फसवणुकीची भीती खरी आहे. रोज कोणाचे ना कोणाचे पैसे जाताहेत. पण प्रवाशाला कागदपत्रं दाखवून स्वस्त सिम मिळण्याचा सोपा रस्ताही हवा, नाहीतर बंदीचा फायदा फक्त महागडे रोमिंग पॅक विकणाऱ्यांना.

एक शेवटचा मुद्दा, जो मला सगळ्यात जास्त खुपतो. अमेरिकेत 2022 च्या आयफोन 14 पासून सिमचा ट्रे गेला, आणि 2025 चा आयफोन एअर जगात सगळीकडे ट्रेशिवायच आला. आता समजा परदेशात फोन पडून फुटला. कार्ड असतं तर ते काढून मित्राच्या जुन्या फोनमध्ये घातलं असतं, पाच मिनिटांत ओटीपी सुरू. जर्मनीच्या गाडीतल्या फोनमध्ये होतं तेच स्वातंत्र्य. ई-सिममध्ये मात्र प्रोफाइल त्या फुटलेल्या चिपमध्ये अडकलेली. नवी मिळवायला कंपनीची परवानगी, त्यासाठी बहुतेक वेळा त्याच नंबरवरून एसएमएस, जो नंबर चालत नाहीये. आणि ती मिळाली तरी दूरसंचार विभागाच्या 2022 च्या आदेशानुसार सिम बदलल्यावर 24 तास एसएमएस बंद. चोराला रोखायला हा नियम चांगला आहे. पण फ्रँकफर्टच्या हॉटेलात कार्ड चालेना म्हणून उभ्या असलेल्या माणसाला तो 24 तास ओटीपीशिवाय ठेवतो.

त्यामुळे सध्या तरी माझ्या फोनमध्ये भारतीय नंबर प्लास्टिकच्या कार्डावर आहे आणि परदेशातला डेटा ई-सिमवर. भारतीय नंबरचं ई-सिम करायचंच असेल तर विमानाच्या आदल्या रात्री करू नका, आठवडाभर आधी करा. ट्रॅव्हल ई-सिम घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, कारण ते उतरवायलाच इंटरनेट लागतं. आणि आल्यावर लगेच प्रोफाइल डिलीट करण्याआधी एकदा तो आयसीसीआयडी बघा. 89 च्या पुढे कुठला देश निघाला ते आम्हाला कळवा, पुढच्या भागाच्या सुरुवातीला वाचून दाखवू.